ट्रक विकत की भाडेपट्ट्याने? चालक-मालकाच्या एका प्रश्नाचा इतिहास

अभियांत्रिकी अर्थशास्त्राच्या पेपरात एक ठरलेला प्रश्न असतो. यंत्राची किंमत अमुक, आयुष्य अमुक, व्याजदर अमुक. तर ते विकत घ्यावे की भाड्याने? विद्यार्थी सूत्रात आकडे घालतात, दोन रकमांची तुलना करतात आणि लहान रकमेखाली दोन रेघा मारतात. उत्तर बरोबर असते. पण त्या प्रश्नातले यंत्र कारखान्यात एका जागी उभे असते आणि त्याला रोज काम मिळणार हे गृहीत धरलेले असते.

ट्रकचे तसे नाही. बेंगळुरूला यशवंतपूरच्या ट्रक टर्मिनलवर उभी असलेली गाडी आज पुण्याचे भाडे घेऊन जाईल, पण पुण्याहून परतीचे भाडे कधी मिळेल हे सांगता येत नाही. गाडी स्वतःच चालवणारा मालक असेल, म्हणजे आपण ज्याला चालक-मालक म्हणतो तो, तर गाडी रिकामी उभी राहिली की त्याच्या घरची चूलही अडते. अशा माणसाने गाडी विकत घ्यावी की भाडेपट्ट्याने? या प्रश्नाचे उत्तर केवळ सूत्रात नाही, इतिहासातही आहे. या टिपणात आपण तो इतिहास पाहू.

सुरुवातीला चार शब्द स्पष्ट करून घेऊ.

रोख खरेदी: पूर्ण किंमत दिली, गाडी आपली.

नजरगहाण कर्ज: गाडी आपल्या नावावर, पण कर्ज फिटेपर्यंत सावकाराचा बोजा तिच्यावर.

भाडेखरेदी: करारानुसार गाडी वित्तसंस्थेची, आपण हप्त्याने भाडे भरतो, शेवटचा हप्ता आणि एक नाममात्र रक्कम भरली की ती आपली होते.

भाडेपट्टा: ठरलेल्या मुदतीसाठी भाडे भरायचे, मुदत संपली की गाडी परत करायची.

बैल कुणाचे?

ट्रकच्या आधी दख्खनच्या पठारावर माल वाहणारे यंत्र म्हणजे बैल. आणि बैल मालकीचा असावा की भाड्याचा, या प्रश्नावर बेंगळुरूच्या परिसरात एक अख्खी मोहीम अडली होती.

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात लॉर्ड कॉर्नवॉलिसने मार्च १७९१ मध्ये बेंगळुरूचा किल्ला घेतला. मे महिन्यात तो टिपू सुलतानाच्या राजधानीपर्यंत, श्रीरंगपट्टणपर्यंत पोचला. १५ मे रोजी तिथे झालेली लढाईही त्याने जिंकली. तरी वेढा घालता आला नाही. चारा नव्हता, धान्य संपत आले होते आणि तोफा ओढणारे बैल मरत होते. अखेर जड तोफा स्वतःच नष्ट करून सैन्य मागे फिरले. परतीच्या वाटेवर मेलकोट्याजवळ हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा येऊन मिळाल्या. त्यांच्या छावणीच्या बाजारात धान्य होते. भाव चढे होते, पण माल होता.

एका सैन्याकडे बैल मरत होते आणि दुसऱ्याच्या बाजारात धान्य होते, असे का? त्या काळी लष्करी वाहतुकीच्या तीन रीती होत्या. पहिली, कंत्राटदाराकडून दरमहा भाड्याने बैल घेणे. कंपनीच्या सैन्याची भिस्त बरीचशी अशा बैलांवर होती. दुसरी, सरकारी मालकीचे बैल. म्हैसूरच्या राजांनी चिक्क देवराज वोडेयरांच्या काळापासून जातिवंत गुरांचे सरकारी खाते बांधले होते. टिपूच्या काळात त्याला 'अमृत महाल' हे नाव मिळाले आणि आज त्या गुरांची जातही त्याच नावाने ओळखली जाते. तिसरी रीत बंजाऱ्यांची. आपल्याकडे त्यांना लमाण असेही म्हणतात. तांड्यातले बैल बंजाऱ्याचे स्वतःचे, त्यांवर लादलेले धान्य बहुधा त्याचेच, आणि ते विकून येणारा नफा किंवा तोटाही त्याचाच.

प्रत्येक रीतीत जोखीम वेगळ्या माणसाच्या अंगावर पडते. महिन्याच्या भाड्याने घेतलेल्या बैलाची उद्याची तब्येत कशी राहील, याची काळजी भाड्याने घेणाऱ्याला फारशी नसते. कंत्राटदार तर छावणीपासून दूर असतो. सरकारी बैलाची निगा नीट राहते, पण शांततेच्या काळातही त्याला पोसावे लागते. बंजारा मात्र बैलाला जपतो, कारण बैल मेला तर त्याचे भांडवलच जाते. त्याचबरोबर धंदा नसलेल्या दिवसाचा खर्चही त्याच्याच माथी असतो. कंपनीने हा धडा घेतला. कॅप्टन अलेक्झांडर रीडने बंजाऱ्यांचे तांडे पुरवठ्यासाठी जोडून घेतले आणि फेब्रुवारी १७९२ मध्ये कॉर्नवॉलिस पुन्हा श्रीरंगपट्टणला गेला तेव्हा तो रिकाम्या हाताने परतला नाही. मार्चमध्ये टिपूला तह करावा लागला. १७९९ मध्ये टिपूच्या पाडावानंतर अमृत महालाची गुरेही इंग्रजांच्या हाती आली.

आजचा चालक-मालक हा जोखमीच्या दृष्टीने त्या बंजाऱ्याचा वारस आहे. फरक एकच. बंजाऱ्याचा बैल कर्जावर घेतलेला असेलच असे नाही; आजचा ट्रक जवळजवळ नेहमीच कर्जावर असतो. ते कर्ज देण्याची रीत मात्र या देशात जन्मली नाही. त्यासाठी थोडे इंग्लंडला जावे लागेल.

वाघिणी, पियानो आणि भाडेखरेदी

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रेल्वे पसरली तेव्हा कोळसा खाणींच्या मालकांना स्वतःच्या वाघिणी हव्या होत्या, पण एकदम विकत घ्यायला पैसा नव्हता. १८५० च्या दशकात तिथे वाघिणी भाड्याने आणि हप्त्याने देणाऱ्या कंपन्या निघाल्या. बर्मिंगहॅम वॅगन कंपनी ही त्यांपैकी एक. याच सुमारास अमेरिकेत सिंगर कंपनी शिलाई यंत्रे हप्त्याने देऊ लागली. हप्ते पूर्ण होईपर्यंत मालकी कंपनीकडे ठेवायची, म्हणजे हप्ता थकला तर वस्तू परत नेता येते, ही त्यातली युक्ती.

तिला कायद्याचा पक्का आधार मिळाला तो १८९५ मध्ये, 'हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज' या खटल्यात. एका माणसाने पियानो हप्त्याने घेतला आणि हप्ते पुरे होण्याआधीच गहाण टाकला. पियानोवर हक्क कुणाचा? ब्रिटिश उमराव सभेने निकाल दिला की घेणाऱ्यावर विकत घेण्याची सक्ती नव्हती, केवळ मुभा होती. म्हणून तो खरेदीदार नव्हे, भाडेकरू होता. पियानो मूळ मालकाचाच. भाडेखरेदीचा हा पाया भारतातही आला आणि पुढे ट्रकखाली घातला गेला.

१९५४ आणि नंतर

भारतात मालवाहू मोटारींचा धंदा वाढला तो मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर. लष्कराने विकायला काढलेल्या जुन्या गाड्या घेऊन अनेकांनी सुरुवात केली. त्याआधीच, १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने भाड्याने माल वाहणाऱ्याला परवाना सक्तीचा केला होता. जुन्या ट्रकच्या कपाळावर 'पब्लिक कॅरिअर' अशी पाटी दिसे, ती याच कायद्याची खूण. जो दुसऱ्याचा माल भाड्याने वाहतो तो पब्लिक कॅरिअर. जो फक्त स्वतःचा माल वाहतो तो प्रायव्हेट कॅरिअर.

१९५४ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी टाटांनी डायम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी मद्रासला टी. एस. संतानम यांनी सुंदरम फायनान्स ही वाहनकर्ज देणारी कंपनी काढली. म्हणजे देशी ट्रक आणि तो हप्त्याने मिळण्याची सोय एकाच वर्षी सुरू झाली. मद्रासकडचा अशोक लेलँड, मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची गाडी, असे पर्यायही होते. दक्षिणेत भाडेखरेदी कंपन्यांचे जाळे लवकर पसरले.

१९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि लहान रस्ते वाहतूकदार अग्रक्रम क्षेत्राच्या कर्जांत मोजला जाऊ लागला. पण बँकेला कागद हवे असत: उत्पन्नाचा पुरावा, तारण, जामीन. ज्याच्याकडे दहा वर्षांच्या चालकपणाखेरीज काही नव्हते, त्याला जुनी गाडीच परवडे, आणि जुन्या गाडीवर कर्ज द्यायला बँका तयार नसत. ही फट १९७९ मध्ये चेन्नईत निघालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्सने ओळखली. तिचा मुख्य धंदाच जुन्या ट्रकवर कर्ज देण्याचा होता. कागदांपेक्षा माणसाची ओळख, त्याच्या धंद्याची माहिती आणि त्याच्याच व्यवसायातल्या जामीनदाराचा शब्द यांवर कर्ज दिले जाई. क्लीनरचा चालक आणि चालकाचा मालक होण्याची जी शिडी आपल्या महामार्गांवर दिसते, तिची मधली पायरी म्हणजे जुना ट्रक आणि त्यावर मिळणारे हे कर्ज.

काही जण याच शिडीने फार वर गेले. विजय संकेश्वर यांनी १९७६ मध्ये गदगला एका ट्रकवर धंदा सुरू केला. पुढे हुबळीहून चालणारी त्यांची व्हीआरएल ही कंपनी स्वतःच्या मालकीच्या गाड्यांचा मोठा ताफा बाळगणारी म्हणून ओळखली गेली. पण देशातल्या बहुसंख्य गाड्या एक-दोन ट्रक असणाऱ्या लहान मालकांच्याच राहिल्या, आणि मोठ्या वाहतूक कंपन्याही त्यांच्याकडून 'मार्केटची गाडी' फेरीपुरती भाड्याने घेत राहिल्या.

कायद्याच्या पुस्तकात मालक कोण?

हप्ते चालू असताना ट्रकचा मालक कोण, या साध्या प्रश्नाला भारतीय कायद्यात तीन वेगळी उत्तरे मिळतात. ती एकत्र वाचली की चालक-मालकाची खरी स्थिती समजते.

पहिले उत्तर कराराचे. भाडेखरेदीच्या करारात गाडी वित्तसंस्थेची असते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९६६ मध्ये 'सुंदरम फायनान्स विरुद्ध केरळ राज्य' या विक्रीकराच्या खटल्यात कराराच्या शब्दांमागचा व्यवहार पाहिला. ग्राहक स्वतः गाडी निवडतो, स्वतः काही पैसे भरतो आणि उरलेल्या पैशांसाठी कंपनीकडे येतो. तेव्हा हे प्रत्यक्षात कर्ज आहे आणि भाडेखरेदीचा करार केवळ तारणासाठी आहे, असा बहुमताचा निकाल झाला. नाव काहीही द्या, व्यवहार काय आहे ते पाहा, हा त्यातला धडा. ग्राहकाच्या रक्षणासाठी १९७२ मध्ये संसदेने भाडेखरेदी कायदा केला खरा, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला.

दुसरे उत्तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे. भाडेखरेदी, भाडेपट्टा किंवा नजरगहाण, कोणताही करार असो. त्या कराराखाली गाडी ज्याच्या ताब्यात आहे तो 'मालक', असे कलम २ मध्ये म्हटले आहे. परवान्याच्या अटी पाळण्याची आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. वित्तसंस्थेचे नाव आरसीवर बोजा म्हणून नोंदले जाते. शेवटचा हप्ता फिटला की ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जायचे आणि तो बोजा उतरवून घ्यायचा. गाडी खऱ्या अर्थाने आपली होते ती त्या दिवशी.

तिसरे उत्तर प्राप्तिकराचे. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्याला ठोक पद्धतीने उत्पन्न दाखवता येते. तिथे भाडेखरेदीने किंवा हप्त्याने घेतलेल्या, पैसे बाकी असलेल्या गाडीचा धारकही मालक मानला जातो. नुसत्या भाडेपट्ट्याने गाडी घेणाऱ्याचा उल्लेख त्या स्पष्टीकरणात नाही.

तिन्ही उत्तरे शेजारी ठेवा. अपघात झाला तर मालक चालक. कर भरायचा तर मालक चालक. पण हप्ता थकला तर गाडी ओढून नेण्याचा अधिकार दुसऱ्याचा. या अधिकाराचा गैरवापर इतका वाढला होता की २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला वाहनकर्जाच्या एका प्रकरणात सांगावे लागले, की वसुलीसाठी गुंड पाठवणे चालणार नाही. कायद्याच्या मार्गानेच जावे लागेल.

भाडेपट्टा का रुजला नाही?

शुद्ध भाडेपट्ट्याचा धंदाही दक्षिणेतच सुरू झाला. फर्स्ट लीजिंग कंपनी ऑफ इंडिया १९७३ मध्ये मद्रासला निघाली. पुढच्या दोन दशकांत अशा अनेक कंपन्या आल्या. त्यांच्या वाढीमागे कराचे गणित मोठे होते. भाडेपट्ट्यात कायदेशीर मालक कंपनी असते, म्हणून घसारा ती लावते आणि आपला कर कमी करते. त्या बचतीतला काही भाग कमी भाड्याच्या रूपाने ग्राहकाला देते. मोठा नफा कमावणाऱ्या उद्योगांना हे सोयीचे होते.

एका ट्रकच्या मालकाला यातून फारसे काही मिळत नव्हते. १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने भाडेपट्ट्यावर आणि भाडेखरेदीवर विक्रीकर लावायला राज्यांना वाट मोकळी केली, तेव्हा भाड्यात तोही खर्च आला. १९९७ नंतर रिझर्व्ह बँकेने वित्तकंपन्यांवर कडक नियम घातले आणि अनेक कंपन्या मिटल्या.

पण मुख्य कारण याहून साधे आहे. भाडेपट्ट्याचा फायदा एकाच गोष्टीत असतो: मुदत संपल्यावर वस्तूची किंमत काय उरेल, ही जोखीम देणारा घेतो. भारतात ट्रकच्या बाबतीत या जोखमीचा फार धसका नव्हता. पाच वर्षांचा, दहा वर्षांचा, पंधरा वर्षांचा ट्रक विकत घेणारे गिऱ्हाईक प्रत्येक ट्रान्सपोर्ट नगरात होते. लांब पल्ल्याची गाडी जुनी झाली की जवळच्या फेऱ्यांना, मग वाळू-विटांना, मग शहरातल्या कामाला. शिवाय जुन्या गाडीवर कर्ज देणाऱ्या संस्था असल्यामुळे विकत घेणाराही सापडत होता. ज्या वस्तूला जुना बाजार आहे तिची मालकी म्हणजे एक प्रकारची बचत. ती बचत भाडेपट्ट्याने देणाऱ्याकडे का सोडायची?

एक हिशेब

आता आपले सूत्र वापरू. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. डिझेल, टायर, विमा आणि दुरुस्ती दोन्ही पर्यायांत चालकाकडेच, म्हणून ते वगळले आहेत.

ट्रकची किंमत ३० लाख रुपये. खरेदीत ६ लाख स्वतःचे, २४ लाख कर्ज, वार्षिक ११ टक्के व्याज, ६० महिने. हप्ता येतो सुमारे ५२,१८० रुपये. पाच वर्षांनी ट्रक १२ लाखांना विकला जाईल असे धरू. भाडेपट्ट्यात दरमहा ५८,००० रुपये, ६० महिने. मध्येच सोडल्यास तीन महिन्यांचे भाडे दंड.

पाच वर्षे पूर्ण चालवली तर खरेदीत ६ लाख अधिक ३१.३१ लाख हप्ते, वजा १२ लाख, म्हणजे २५.३१ लाख. भाडेपट्ट्यात ३४.८० लाख. खरेदी साडेनऊ लाखांनी स्वस्त. पण आजचा रुपया आणि पाच वर्षांनंतरचा रुपया सारखे नाहीत. ११ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले तर खरेदी २३.०६ लाख आणि भाडेपट्टा २६.६८ लाख. फरक ३.६२ लाखांवर येतो. खरेदी अजूनही पुढे आहे, पण पहिल्या हिशेबात दिसली तितकी नाही.

आता १८ महिन्यांतच धंदा बसला असे धरू. खरेदीदाराने तोवर १५.३९ लाख भरले आणि कर्ज बाकी १८.१२ लाख. ट्रक २० लाखांना गेला तर हातात १.८८ लाख उरतात. निव्वळ खर्च १३.५१ लाख. भाडेपट्ट्यात १०.४४ लाख भाडे आणि १.७४ लाख दंड, एकूण १२.१८ लाख. भाडेपट्टा स्वस्त. ट्रक २२ लाखांना गेला असता तर खरेदीचा खर्च ११.५१ लाख, म्हणजे पारडे पुन्हा उलटे. सीमारेषा सुमारे २१.३३ लाखांवर आहे. म्हणजे निर्णय व्याजदरापेक्षा दोन गोष्टींवर ठरतो: गाडी किती काळ चालवू शकू, आणि विकायची वेळ आली तर काय येईल.

या हिशेबात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. गाडी रिकामी उभी राहिली तर दोन्ही पर्यायांत पैसे भरावेच लागतात. महिन्यात २० दिवस गाडी धावली तर हप्त्याचा भार दिवसाला सुमारे २,६०० रुपये. १२ दिवस धावली तर सुमारे ४,३५० रुपये. भाडेपट्टा घेतल्याने ही जोखीम कमी होत नाही. दरमहा ठरलेल्या भाड्याने फक्त शेवटच्या किमतीची जोखीम दुसऱ्याकडे जाते, रिकाम्या दिवसाची नाही.

आणि रिकामे दिवस चालकाच्या हातात नसतात. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकच्या आसभाराची मर्यादा सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वाढवली. एका रात्रीत देशातल्या गाड्यांची क्षमता वाढली, मालाचे प्रमाण तेवढेच राहिले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली, पण व्याज थांबले नव्हते. १७९१ मध्ये पाऊस आणि चारा यांवर जे अवलंबून होते, ते आता अधिसूचनांवर आणि बाजारावर अवलंबून आहे.

माल देणाराच गाडी देतो तेव्हा

२००५ मध्ये टाटांची 'एस' ही छोटी मालवाहू गाडी आली. लोकांनी तिला 'छोटा हाथी' म्हटले. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने ती घडवली होती. तीनचाकी चालवणाऱ्याला परवडेल अशा या गाडीने शहरांत चालक-मालकांची नवी पिढी उभी केली. पुढे बेंगळुरूत मालवाहतुकीला मोबाइलशी जोडणाऱ्या कंपन्या निघाल्या: २०१४ मध्ये पोर्टर, २०१५ मध्ये ब्लॅकबक. त्यांचा गाभा गाड्यांची मालकी नव्हे, तर माल आणि गाडी यांची गाठ घालणे. कलासीपाळ्यमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात दलाल जे काम करत असे, त्यातले बरेचसे पडद्यावर आले. रिकामे दिवस त्यामुळे कमी होऊ शकतात. पण जो दिवस रिकामा गेला तो आजही गाडीमालकाचाच.

इथे अमेरिकेचा अनुभव उपयोगी आहे. तिथे काही वाहतूक कंपन्या चालकाला ट्रक 'लीज-परचेस' पद्धतीने देतात: गाडी कंपनीची, माल कंपनी देणार, भाडे त्याच मालाच्या मोबदल्यातून कापणार, आणि मुदत पुरी झाली तर गाडी चालकाची. ऐकायला आपल्या भाडेखरेदीसारखेच. फरक असा की भाडे घेणारा आणि काम देणारा एकच आहे. काम कमी दिले की भाडे थकते, भाडे थकले की गाडी आणि आजवर भरलेले पैसे दोन्ही जातात. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याखाली नेमलेल्या अभ्यासगटाने २०२५ च्या आरंभी अशा योजनांवर बंदी घालावी अशी शिफारस केली. आपल्याकडची वित्तसंस्था कितीही कडक असली, तरी तिला गाडी धावायला हवी असते, कारण गाडी धावली तरच हप्ता येतो. काम देणारा आणि पैसे देणारा वेगळे असणे, ही चालक-मालकाची एक अबोल सुरक्षितता होती. करार वाचताना व्याजदराच्या आधी हे पाहावे.

बॅटरीमुळे प्रश्न पुन्हा उघडला

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी जुने गणित बदलले आहे. अशा गाडीच्या किमतीत बॅटरीचा वाटा मोठा असतो, आणि पाच वर्षांनी ती बॅटरी किती शिल्लक असेल हे गाडी हातावर ओळखणाऱ्या मिस्त्रीलाही सांगता येत नाही. डिझेल इंजिनाचा आवाज ऐकून जुन्या ट्रकची किंमत ठरते. बॅटरी आवाज करत नाही. जुना बाजार पक्का नाही, म्हणून शेवटच्या किमतीची जोखीम मोठी. भाडेपट्ट्याचा खरा उपयोग नेमका इथेच आहे.

ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र सरकारने बॅटरीशिवाय विजेच्या गाडीची विक्री आणि नोंदणी करायला परवानगी दिली. म्हणजे सांगाडा विकत घ्या आणि बॅटरी भाड्याने. बेंगळुरूची सन मोबिलिटी ही कंपनी बॅटरी बदलून देण्याच्या याच व्यवसायात आहे. एकाच गाडीची मालकी आता दोन तुकड्यांत विभागली जाते. ज्या भागाला जुना बाजार आहे तो आपला, ज्याला नाही तो दुसऱ्याचा.

म्हणून 'विकत की भाडेपट्ट्याने' याला कायमचे एक उत्तर नाही, पण तपासायची तीन कलमे कायमची आहेत. रिकाम्या दिवसाचा खर्च कोण सोसणार? शेवटी उरलेली किंमत कुणाच्या खिशात जाणार? आणि गाडीचे पैसे ज्याला द्यायचे आहेत, त्याच्याच हातात आपले कामही आहे का? आरसीवर नाव कुणाचे आहे, हा प्रश्न या तिघांनंतर येतो. डिझेलच्या ट्रकसाठी आणि लांब टिकणाऱ्या धंद्यासाठी आपल्या चालक-मालकांनी पिढ्यान्‌पिढ्या हप्त्याची खरेदी निवडली. ती निवड भाबडी नव्हती. जुन्या गाडीचा बाजार आणि त्यावर मिळणारे कर्ज यांच्या भरवशावर ती उभी होती.

विचारासाठी प्रश्न

१. वरच्या उदाहरणात पाच वर्षांनंतरची किंमत १२ लाखांऐवजी किती असेल, तर आजच्या किमतीत दोन्ही पर्याय सारखे ठरतील?

२. भाडे दरमहा न घेता किलोमीटरमागे घेतले, तर तीनपैकी कोणती जोखीम कुणाकडे जाते? देणारा त्यासाठी दर वाढवेल का?

३. तुमच्या गावातल्या एखाद्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात जाऊन जुन्या गाडीची किंमत कशी ठरते ते विचारा, आणि ती पुस्तकातल्या घसाऱ्याशी ताडून पाहा.